सगळं माहीत असून मेडिकलची मुलं सिगरेट का ओढतात?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगा सरकारी मेडिकल कॉलेजला थर्ड इयरला आहे, दिवाळीला घरी आला तेव्हा कपडे धुवायला काढताना जीन्सच्या खिशात सिगरेटचं पाकीट आणि लायटर सापडलं, विचारलं तर म्हणाला "आमच्याकडे सगळेच ओढतात", आणि ज्यांना फुप्फुसाचा कॅन्सर पुस्तकात शिकवतात तीच पोरं असं का करतात हे तुम्हाला समजत नाहीये. मी छातीविकाराचा डॉक्टर आहे, मेडिकल कॉलेजात शिकवतो आणि तंबाखू सोडवण्याची ओपीडीही बघतो, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी दिसतो, समोर बसलेला विद्यार्थी म्हणूनही आणि पेशंट म्हणूनही. उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाहीये.

आधी "सगळेच ओढतात" हे बाजूला ठेवूया. सगळे नाही ओढत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के निघाले होते, आपल्याकडे खरा जोर खाण्याच्या तंबाखूचा आहे, तो २४.४ टक्के होता. हॉस्टेलमध्ये सिगरेटचं प्रमाण यापेक्षा जास्त जाणवतं हे खरं, पण वर्गातली बहुतेक मुलं न ओढणारीच असतात, फक्त ती रीडिंग रूममध्ये असतात आणि ओढणारी टपरीवर, आणि टपरी गेटसमोरच असल्याने येताजाता दिसतात तीच. तुमचा मुलगा ज्या सात-आठ जणांच्या ग्रुपमध्ये उठतो-बसतो त्यात कदाचित खरंच सगळे ओढत असतील, म्हणून त्याला ते जग वाटतं.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं की ज्ञान असलं की माणूस वाचतो. मला इतक्या वर्षांत जे दिसलंय ते असं की मेडिकलच्या पोराच्या दिवसात हक्काची मोकळी पाच मिनिटं कुठेच नसतात आणि सिगरेट ती त्याला मिळवून देते. ऐकायला बारीक गोष्ट वाटेल पण जरा वॉर्डात येऊन बघा. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकता शिकता वॉर्डात काम करणारा डॉक्टर, ज्याला आम्ही जेआर वन म्हणतो, तो सकाळपासून ब्लड कलेक्शन, राऊंड, नोट्स, रेफरन्स, डिस्चार्ज कार्ड यात पळतोय, दुपारचे तीन वाजलेत, जेवण झालेलं नाही. तो जर नर्सिंग स्टेशनवर खुर्चीत टेकला तर कोणीतरी सिनिअर ओरडणारच, "बसलायस काय, एक्स-रे आले का?" पण तोच सिनिअर "चल रे खाली" म्हणून त्याला टपरीवर घेऊन गेला तर दहा मिनिटं कोणी फोन करत नाही, कुठे गेला होतास असं विचारत नाही. दमलो म्हणून थांबायला परवानगी नाही, सिगरेटसाठी थांबायला आहे. आणि त्या दहा मिनिटांत सिनिअर माणसासारखं बोलतो, केस समजावून सांगतो, परीक्षक कोण येणार ते सांगतो, स्वतःच्या पहिल्या वर्षाचे हाल सांगतो. न ओढणारा पोरगा वर वॉर्डात एकटा काम करत बसतो आणि या सगळ्याला मुकतो. मी असे जेआर बघितलेत जे निव्वळ सोबत म्हणून खाली जायचे, हातात कटिंग घेऊन उभे राहायचे, आणि वर्ष संपेपर्यंत कटिंगबरोबर सिगरेटही आली.

एमबीबीएसला तेच जरा वेगळ्या पद्धतीने होतं. मूल येतं अठरा-एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं नीटच्या क्लासमध्ये गेलेली, लातूर म्हणा, कोटा म्हणा, सकाळी सहा ते रात्री अकरा, मोबाईल बंद, मित्र नाहीत, एखाद-दुसरा रिपीट. गावात पहिला आलेला. इथे येऊन बघतो तर दीडशे-दोनशे जण सगळे आपापल्या गावात पहिले आलेले. पहिल्या टर्मिनलला अॅनाटॉमीत नापास होतो, आयुष्यात पहिल्यांदा. घरी सांगायची सोय नाही कारण गावात पेढे वाटून झालेत. मग रात्री एक वाजता हॉस्टेलच्या गच्चीवर जो मुलगा "टेन्शन नको घेऊ रे, माझे पण दोन सब्जेक्ट उडाले होते" म्हणतो त्याच्या हातात सिगरेट असते, आणि अशा वेळी समोर केलेली सिगरेट बहुतेक मुलं नाकारत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची पहिली सिगरेट अशीच आहे, दुःखात मिळालेली आणि फुकट. पाकीट विकत घेणं फार नंतर येतं.

जुन्या लोकांकडून तुम्ही ऐकलं असेल की डिसेक्शन हॉलच्या, म्हणजे प्रेतं चिरून शिकतात त्या खोलीच्या, वासामुळे मुलं सिगरेटकडे वळतात. हे कारण पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं पण त्यात काही दम नाही, वास आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडतो. आणि गंमत बघा, प्रेतं टिकवायच्या ज्या फॉर्मलिनच्या वासाची तक्रार असते ते फॉर्मल्डिहाइडच आहे आणि सिगरेटच्या धुरातही ते असतंच, म्हणजे जे नको होतं ते नाकाऐवजी थेट फुप्फुसात.

आता तुमचा "माहीत असून" हा भाग. मुलांना काय माहीत असतं ते नीट बघायला हवं. त्याला स्क्वेमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकाराची, स्लाइड ओळखता येते. पॅक इयर्स काढता येतात, म्हणजे रोजची किती पाकिटं गुणिले किती वर्षं. हे तो स्वतःवरही लावून बघतो. रोज चार सिगरेट, तीन वर्षं, पाकीट वीसचं धरतात म्हणून उत्तर येतं ०.६. "सर, पॉइंट सिक्स पॅक इयर्स, काहीच नाही," हे मला ओपीडीत ऐकवलेलं आहे. कॅन्सर आणि सीओपीडी, म्हणजे धुराने फुप्फुसं खराब होऊन धाप लागण्याचा आजार, यांच्या बाबतीत त्याचं गणित आजच्या दिवसापुरतं बरोबर असेलही. पण हृदयाचं गणित असं चालत नाही, रोज एकच सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या विसावा हिस्सा नसतो, जवळपास निम्मा असतो. हे कळलं की पोरं पहिल्यांदा जरा गप्प होतात.

दुसरी गोष्ट जी कोणी उघड बोलत नाही. वॉर्डात जो पेशंट त्याला दिसतो तो साठीचा, शेतमजूर किंवा गिरणीत काम केलेला, बिडी ओढणारा, छातीचा पिंजरा फुगलेला, दोन वाक्यं बोलताना धाप लागणारा. किंवा सर्जरीच्या वॉर्डातला चाळिशीतला बर्जरचा पेशंट, तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोट काळं पडलेलं. आपला विद्यार्थी जीन्स घालून फिल्टरवाली ओढतो, त्यातही "लाइट". त्याच्या मनात तो स्वतः आणि हे पेशंट एका जातीचे नाहीतच, तो आजार बिडीवाल्या बाबांचा आहे, माझा नाही. लाइट सिगरेटचं म्हणाल तर फिल्टरला बारीक भोकं असतात म्हणून मशीनमध्ये टार कमी मोजलं जातं, माणूस मात्र मशीनसारखा ओढत नाही, बोटांनी ती भोकं झाकली जातात, झुरके खोल आणि जास्त घेतले जातात आणि निकोटिन हवं तेवढं आत जातंच. विदर्भातल्या मुलांचं अजून एक असतं, मी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात नाही ना मग ठीक आहे.

एकदा केस प्रेझेंटेशन चालू होतं, तिसऱ्या वर्षाचा मुलगा सीओपीडीच्या आजोबांची छाती तपासत होता. परकशन करायला पुढे वाकला, डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर टेकवून उजव्याने ठोकत होता, आजोबांनी हळूच विचारलं, "डाक्टर, तुमी बी वडता व्हय?" बाकीची मुलं हसली. त्या मुलाचा हात तिथेच थांबला. नंतर हिस्ट्रीच्या शेवटी पेशंटला सल्ला काय द्याल असं मी विचारलं तर इनहेलर सांगितला, फ्लूची लस सांगितली, न्यूमोनियाची लस सांगितली, पण सिगरेट-बिडी बंद करा हे वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही. मला ह्याची काळजी जास्त वाटते. ओढणारा डॉक्टर पेशंटला सोडा म्हणून सांगताना अडखळतो, आणि डॉक्टरच्या एका वाक्याने सुद्धा काही पेशंट सोडतात, ते वाक्य आयुष्यभर हजारो पेशंटना मिळणार नाही.

आणि सोडवायचं कसं हे आम्ही त्यांना शिकवतच नाही जवळजवळ. तंबाखूने काय होतं त्यावर प्रत्येक विषयात लेक्चर आहे, पॅथॉलॉजीत, मेडिसिनमध्ये, सर्जरीत, पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयात, पण एखाद्या माणसाला समोर बसवून त्याची सिगरेट कशी सोडवायची याचं प्रत्यक्ष ट्रेनिंग फार थोड्या ठिकाणी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मेडिकल, डेंटल, नर्सिंगच्या थर्ड इयरच्या विद्यार्थ्यांचे सर्व्हे घेतले त्यातही हेच आलं, बहुतेकांना असं ट्रेनिंग हवं होतं आणि मिळालेलं फार कमी जणांना होतं. मग स्वतःला सवय लागली की तो तेच करतो जे कोणीही सामान्य माणूस करेल, "परीक्षा झाली की सोडतो."

ही परीक्षा कधी संपत नाही ताई. टर्मिनल झाली की प्रिलिम, प्रिलिम झाली की युनिव्हर्सिटी, मग इंटर्नशिपमध्ये नीट पीजीची तयारी, मग जेआर वन, मग थिसिस, मग शेवटची एक्झिट परीक्षा. प्रत्येक टप्प्यावर सोडण्याची तारीख पुढे सरकते आणि दहा वर्षं जातात.

तणावाबद्दलही स्पष्ट लिहितो कारण मुलगा तुम्हाला हेच सांगणार आहे, "आई, टेन्शन असतं म्हणून ओढतो." टेन्शन खरं आहे, ते नाकारू नका. रेसिडेंटनी आठवड्याला ४८ तास काम करावं असे केंद्राचे निर्देश १९९२ पासून कागदावर आहेत आणि छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या आजही चालतात. पण सिगरेट ते टेन्शन घालवते का? निकोटिन झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, डोपामिन नावाचं रसायन सुटतं, बरं वाटतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि मेंदूतले निकोटिन पकडणारे जे रिसेप्टर सवयीने वाढलेले असतात ते रिकामे झाले की चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं सुरू होतं. म्हणजे दोन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल झालं की पोराला अस्वस्थ वाटतं, त्याला वाटतं अभ्यासाचं टेन्शन आहे, खाली जाऊन ओढतो, शांत वाटतं, आणि खात्री पटते की सिगरेटने टेन्शन जातं. त्यातला बराच भाग मागच्या सिगरेटने तयार केलेला असतो. सावकाराचंच कर्ज काढून सावकाराचं व्याज फेडण्यातला प्रकार आहे हा. फार्मकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या विषयात, हे सगळं त्याने वाचलेलं असतं, पण स्वतःच्या अंगातली बेचैनी ओळखायला पुस्तक उपयोगी पडत नाही.

मुलींबद्दल दोन शब्द. मुलीही ओढतात, कमी ओढतात पण ओढतात, आणि त्यांचं जास्त अवघड आहे कारण टपरीवर उभं राहिलं की सगळं कॉलेज बोलतं, मग रूममध्ये खिडकी लावून, बाथरूममध्ये, लपून. लपून चालतं म्हणून मदत मागायलाही येत नाहीत, ओपीडीत आपलंच कोणी ओळखीचं भेटेल ही भीती. बाहेर रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला एमबीबीएसला गेलेली आपली मुलंही हे घेऊन परत येतात, तिथे एकटेपणा अजून जास्त.

कॉलेजची जबाबदारी आहे का? आहे, आणि ती मी मोठी मानतो. २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हॉस्पिटलच्या आवारात ओढता येत नाही, महाराष्ट्रात तर सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगरेट विकायलाच बंदी आहे. आणि तरी कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या गेटबाहेर जाऊन बघा, टपरीला दोरीने लायटर बांधलेला असतो आणि सुटी सिगरेट मागेल त्याला मिळते. पूर्ण पाकीट घ्यावं लागलं असतं तर फर्स्ट इयरची निम्मी मुलं तिथेच थांबली असती, महिनाअखेरीला खिशात पैसे कुठे असतात. त्याहून मोठं म्हणजे वरचे लोक. ज्या युनिटचा हेड पार्किंगमध्ये उभा राहून ओढतो त्या युनिटचे रेसिडेंट ओढतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. युनिट हेडने सोडली की खालची दोघं-तिघं वर्षभरात सोडतात, हेही बघितलंय.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी हे करून दाखवलंय. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांवर पन्नास वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला त्यातले निम्म्याहून जास्त ओढणारे होते. आपल्याच सहकाऱ्यांच्या मरणाचे आकडे समोर येऊ लागले तसे डॉक्टर इतर लोकांच्या आधी सोडत गेले. २००४ मध्ये शेवटचा मोठा निष्कर्ष आला, ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले, वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांनी त्यातली नऊ वर्षं परत मिळवली आणि तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी. तुमचा मुलगा एकवीस-बावीसचा असेल. घाबरवण्यापेक्षा त्याला हा आकडा सांगा, कॅन्सरचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, कॅन्सर झालेली फुप्फुसं त्याने कॉलेजच्या म्युझियममध्ये बरणीत बघितलीत.

आता तुम्ही काय करायचं. शपथ घालू नका. "माझ्या डोक्यावर हात ठेव" असं केलेली मुलं माझ्याकडे येतात, ती ओढतातच, फक्त आता खोटंही बोलावं लागतं आणि घरी फोन करणं कमी होतं. खर्चाचे पैसे तोडू नका. शांतपणे एक प्रश्न विचारा, सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळाने लागते? पाच मिनिटांच्या आत असेल तर व्यसन चांगलंच पक्कं झालंय, अर्ध्या तासाच्या आत असेल तरी औषधाची मदत लागेल, आणि दुपारपर्यंत आठवणही येत नसेल, फक्त मित्रांबरोबर ओढत असेल, तर काम तुलनेने सोपं आहे. दिवाळीत घरी असताना तो प्रत्येक जेवणानंतर "जरा मित्राला भेटून येतो" म्हणून बाहेर जायचा का, तेही आठवून बघा.

त्याला सोडायची तारीख ठरवू दे, आणि ती दोन आठवड्यांच्या आतली हवी, परीक्षेनंतरची नको. फक्त ऐन परीक्षेच्या आठवड्यातली नको कारण सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, झोप लागत नाही, भूक लागते, पुस्तकात लक्ष लागत नाही, पुढे दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जातं. रोज मोजून कमी करत जाणं विद्यार्थ्यांना फारसं जमत नाही, ड्युटीच्या दिवशी हिशोब कोलमडतो. त्याच्या ग्रुपमधला अजून एक जण तयार झाला तर दोघांनी एकाच तारखेला सोडावी, हे सगळ्यात चांगलं चालतं. आणि ती पाच मिनिटांची सुट्टी सोडायची नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो, खाली जायचं, मित्रांबरोबर उभं राहायचं नसेल तर गच्चीवर जा, आईला फोन कर, पण वॉर्डातून बाहेर पडायचं. मुलं सिगरेट सोडतात आणि त्याबरोबर ब्रेकही सोडतात आणि पंधरा दिवसांत परत सिगरेटकडे वळतात.

चहा-कॉफी निम्मी करायला सांगा. याचं कारण बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं कॅफीन मोडणारं एन्झाइम जोरात चालतं, म्हणून ओढणाऱ्याला चार कप चढत नाहीत. सिगरेट बंद झाली की काही दिवसांत ते एन्झाइम मंदावतं, तेच चार कप आता जास्त चढतात, हात थरथरतात, झोप उडते, आणि मुलाला वाटतं की सिगरेट सोडल्यामुळे हे होतंय, म्हणून परत ओढतो. थिओफिलिन या दम्याच्या औषधाचा डोस स्मोकर्समध्ये जास्त का लागतो हे त्याने वाचलेलं आहे, तेच एन्झाइम आहे म्हणून सांगा, लगेच पटेल.

गोळ्या आहेत, व्हॅरेनिक्लिन आहे, ब्युप्रोपिऑन आहे, पण त्याने स्वतःच स्वतःला लिहून घेऊ नये, मेडिकलच्या मुलांना ही सवय असते. ब्युप्रोपिऑनने फिट येण्याची शक्यता वाढते, आधी विचारपूस करूनच द्यायचं असतं. स्वतःच्या कॉलेजच्या ओपीडीत जायला लाजत असेल तर दुसरीकडे जाऊ दे किंवा १८००-११-२३५६ या तंबाखू सोडवायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करू दे, फुकट आहे आणि नाव कॉलेजला कळत नाही. सिगरेटमागे झोप उडणं, रडू येणं, जगायचा कंटाळा असं काही असेल तर मात्र सिगरेटचा विषय मागे ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि एक-दोन सिगरेटी परत ओढल्या तर घरात आकांत करू नका, तारीख परत ठरवायची एवढंच. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो.

निकोटिन गम दोन मिलिग्रॅमचं कुठल्याही केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, पहिली सिगरेट उठल्याउठल्या लागत असेल तर चारचं लागतं, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. च्युइंगमसारखं सतत चघळायचं नाही, मुंग्या आल्यासारखं किंवा तिखट लागलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चव गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. चहा-कॉफी-कोल्ड्रिंक प्यायल्यावर पंधरा मिनिटं गम घ्यायचं नाही आणि गम तोंडात असताना तर चहा नकोच, तोंडात आंबटपणा आला की निकोटिन शोषलं जात नाही आणि मग "गम घेऊन काही फरक पडला नाही" म्हणून पोरं टपरीकडे वळतात.